गेकोच्या ताटातल्या अळ्या: विकत की घरच्या?

लेपर्ड गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन आणताना त्याच्या किमतीची घासाघीस सगळेच करतात. पुढची काही वर्षं तो काय खाणार, याचा हिशेब फार थोडे मांडतात. पुणे सोडून पानशेतकडे राहायला आलेल्यांना हा हिशेब आधी करावाच लागतो. जिवंत खाद्य मागवायचं तर पुण्याच्या दुकानातून किंवा कुरिअरने, आणि इथल्या पावसात कुरिअरचा भरवसा किती धरायचा?

आधी विकतचं. पूर्ण वाढलेल्या गेकोला दिवसाआड सात-आठ मीलवर्म पुरतात, म्हणजे महिन्याला सुमारे १२० अळ्या. दर दुकानागणिक बदलतात. हिशेबापुरते अळीमागे दोन रुपये धरले, तर २४० रुपये झाले. कुरिअरचे १५० धरा, म्हणजे ३९०. एप्रिल-मेच्या उन्हात पार्सल तापून अळ्या मरतात, म्हणून मेलेल्या अळ्यांची भरपाई मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. मीलवर्म फ्रिजच्या खालच्या, कमी थंड कप्प्यात काही आठवडे टिकतात. सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने मरतात.

आता घरचं. गुळगुळीत भिंतीचे तीन प्लॅस्टिकचे टब साधारण ४५० रुपये, दोन किलो गव्हाचा कोंडा ८०, सुरुवातीच्या २०० अळ्या ४००. एकूण ९३०. इथे बरेच जण फसतात ते वेळेत. अळीचा कोष, कोषाचा भुंगा, भुंग्याची अंडी आणि त्यातून पुन्हा खाण्याजोगी अळी, याला चार महिने तरी जातात. तेवढा काळ विकतचं चालूच ठेवावं लागतं. म्हणून एकच गेको असेल आणि पुण्याला दर महिन्याला फेरी होत असेल, तर मी विकतचंच सुचवेन. दोन-तीन प्राणी असतील, तर अळ्या घरी पाळणं नक्की परवडतं. सुरुवात फेब्रुवारीत करा. ऊब वाढत असते आणि जूनमध्ये, रस्ते बेभरवशाचे होतात तेव्हा, पहिली पिढी हाताशी येते.

भुंगे, कोष आणि अळ्या वेगळ्या टबात ठेवा, नाहीतर भुंगे कोष कुरतडतात. पाणी ठेवायचं नाही. गाजराची चकती पुरते. पावसाळ्यात ती रोज बदला. कारण इथला खरा शत्रू दमटपणा आहे. कोंडा ओलसर झाला की बुरशी येते, बारीक माइट्स होतात आणि अख्खा टब हातचा जातो. मे महिन्यातच कोंडा कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात भरा, आणि वापरण्याआधी कढईत कोरडा गरम करून पूर्ण थंड करा. झाकणाला जाळी हवी, गच्च झाकण नको. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. कीड लागू नये म्हणून पावडर लावलेल्या धान्याचा कोंडा चुकूनही वापरू नका. टब चाळताना तोंडाला कापड बांधा. ती धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते. खाली पडलेली चाळण परसातल्या भाजीला खत म्हणून चालते.

मीलवर्ममध्ये फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असतं. नुसत्या मीलवर्मवर वाढलेल्या सरड्याची हाडं वाकतात, मग डॉक्टरचा खर्च वर्षभराच्या अळ्यांपेक्षा जड जातो. खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस अळ्यांना शेवग्याचा पाला द्या, वर कॅल्शियमची पूड लावा आणि अधूनमधून विकतचे रातकिडे आणा. हिरव्या इग्वानासाठी यातलं काहीच करू नका. तो पाला खाणारा प्राणी आहे.

फुकटचं खाद्य म्हणून भाताच्या खाचरातले किडे पकडू नका, त्यांच्या अंगावर औषधाचा अंश असू शकतो. पावसाआधी सह्याद्रीत काजवे दिसतात, ते तर अजिबात नकोत. अमेरिकेतल्या काजव्यांत असं विष सापडलं आहे की एखादा काजवा खाऊनही बिअर्डेड ड्रॅगन दगावला आहे.

प्राणी विकत घेण्याआधी कागदही पाहा. घोरपड, स्टार कासव, देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्याकडे अशा प्राण्याची नोंद नसेल, तर तो कितीही स्वस्त देत असला तरी घेऊ नका.