स्टँडवरची सायकल

तायांनो, मे महिन्यात उमरखेडात सकाळी दहालाच ऊन चटके देतं आणि शुगरवाल्यांचं चालणं सुटतं. घरातली बिनगिअरची जुनी सायकल डबल स्टँडवर लावा, पुढचं चाक भिंतीला टेकवा. स्टँड गंजलेला असेल तर नकोच. नुसतं चाक हलकं फिरतं. मागच्या टायरला डायनॅमो टेकवला की पायाला थोडा जोर लागतो. खालच्या पायडलवर टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हावा एवढी सीट उंच करा, नाहीतर गुडघे दुखतात. रोज 30 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस. बोलता यावं, गाता येऊ नये इतपतच दम लागावा. पदर खोचा. लेकरं लांब ठेवा; चेनमध्ये गेलेल्या बोटांची ड्रेसिंग मी फार केली. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी बसू नये. छातीत दुखलं तर लगेच थांबून दवाखाना गाठा.