एआय हाताशी असलेल्या भाचीला आत्याचा कानमंत्र

पोरी, राधानगरीहून कोल्हापूरला शिकायला गेलीस आणि फोनमध्ये चॅटजीपीटी घेऊन हिंडतेस, यात मला काहीच वावगं वाटत नाही. साधन वाईट नाही, आणि तू लबाड नाहीस हे तुझ्या आत्याला कुणी सांगायला नको. पण ग्रंथालयात नोकरी केल्यामुळं एक गोष्ट पक्की कळली आहे. अडचणीत सापडतात ती बहुतेक सरळ पोरंच, कारण आपण काही लपवलेलं नाही या भरवशावर ती काही जपूनही ठेवत नाहीत. म्हणून हे चार शब्द. घाई नाही, चहा घेत वाच.

१. सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या सरांना, मॅडमना विचारून घे — एका विषयात जी मदत म्हणून चालते, तीच शेजारच्या वर्गात कॉपी ठरू शकते.

२. ‘एआय चालतं का?’ असं मोघम विचारू नकोस. विषय सुचवून घेणं, आराखडा करून घेणं, शुद्धलेखन तपासणं, भाषांतर करणं आणि आख्खा परिच्छेद लिहून घेणं, हे एकेक वेगळं विचार — पहिल्याला हो म्हणणारे सर पाचव्याला हो म्हणतीलच असं नाही.

३. मिळालेलं उत्तर लेखी असू दे, वर्गाच्या ग्रुपवरचा दोन ओळींचा मेसेज असला तरी पुरे — तोंडी होकार निकालाच्या दिवशी मुका होतो.

४. नियमाचं पत्रक दिसलं की आधी त्यावरची तारीख बघ. हाँगकाँग विद्यापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर तात्पुरती बंदी घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मर्यादा घालून ते वापरायला दिलं — मागच्या बॅचच्या ताईनं सांगितलेला नियम तुझ्या बॅचला असेलच असं नाही.

५. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे विनियम एकदा स्वतः वाच, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. प्रबंधात दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत नाव देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्या मोजणीत धरत नाहीत. म्हणून अवतरणचिन्ह द्यायला कंटाळू नकोस — दोन टिंबांच्या आळसापायी टक्का वाढतो.

६. आता नीट ऐक, कारण इथं भलेभले घोटाळा करतात. वरचा टक्का साम्याचा आहे, एआयचा नाही. ते विनियम २०१८ चे आणि चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, तेव्हा त्यांत एआयच्या टक्क्याचा हिशेब सापडणार नाही. कुणी ‘दहा टक्के एआय चालतं’ म्हणालं तर हा आकडा कोणत्या पत्रकातला, ते नम्रपणे विचार — ऐकीव आकड्यावर वर्ष पणाला लावू नये.

७. पण म्हणून मोकळीक मिळाली असंही समजू नकोस. प्रबंध जमा करताना ‘हे लेखन माझं स्वतःचं आहे’ असं तू सही करून देतेस — त्या सहीत यंत्राकडून लिहवून घेतलेलं पान बसत नाही.

८. जिथं मदत घेतलीस तिथं आपणहून लिही. ‘या अहवालाचा आराखडा करताना अमुक साधनाची अमुक महिन्यात मदत घेतली. मुलाखती, नोंदी व निष्कर्ष माझे आहेत.’ एवढं प्रस्तावनेत पुरेसं आहे — न विचारता सांगितलं की ती माहिती असते, विचारल्यावर सांगितलं की तीच कबुली होते.

९. कच्चं लेखन फेकू नकोस. वहीतल्या खाडाखोडीचे फोटो काढ आणि फाइलला रोज तारखेचं नाव दे. गूगल डॉक्समध्ये लिहीत असशील तर जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात, त्या पुसू नकोस — ज्याची खाडाखोड जपलेली, त्याचं लेखन शाबूत.

१०. एआयला काय विचारलंस आणि त्यानं काय दिलं, तेही एका फाइलमध्ये ठेव — सहा महिन्यांनी व्हायवाला बसशील तेव्हा कुठलं वाक्य कुठून आलं ते तुलाच आठवणार नाही.

११. यंत्रानं दिलेला एकही संदर्भ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नकोस. पुस्तक ग्रंथालयात शोध, प्रबंध शोधगंगेवर उघड, पान क्रमांक लाव. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी न लागलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. शिकलेसवरलेले वकील होते गं ते — खोटा संदर्भ खऱ्यासारखाच छापलेला दिसतो.

१२. आपल्या गावाबद्दल तर यंत्रावर डोळे मिटून विसंबूच नकोस. राधानगरीचं धरण, म्हणजे शाहू महाराजांनी हाती घेतलेला लक्ष्मी तलाव, भोगावतीवर आहे. काळम्मावाडीचं धरण दूधगंगेवर. तालुका एकच आणि धरणं दोन, त्यामुळं एकाची उंची दुसऱ्याला चिकटायला वेळ लागत नाही. अभयारण्याचंही तसंच आहे. दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं ते १९५८ साली, राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार झाला १९८५ मध्ये, आणि पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत नाव गेलं २०१२ मध्ये. तिन्ही वर्षं खरी आहेत, पण प्रत्येक वेगळ्या गोष्टीचं. घरापासून हाकेच्या अंतरावर धरण असताना त्याची माहिती परदेशातल्या यंत्राला विचारून चुकवलीस, तर मला खरंच वाईट वाटेल — गॅझेटिअर आहे, पाटबंधारे खात्याचं कार्यालय आहे, आणि स्वयंचलित दरवाजे उघडताना पाहिलेली माणसं घरोघरी आहेत.

१३. फील्ड प्रोजेक्टसाठी, ज्यांचा ऊस गव्यांनी तुडवला त्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेशील, तेव्हा त्यांची नावं, फोन नंबर, गट नंबर, सातबारा यातलं काहीही एआयच्या खिडकीत टाकू नकोस. नावाच्या जागी ‘शेतकरी एक, शेतकरी दोन’ कर, मगच मजकूर दे — त्या माणसानं तुला ओट्यावर बसवून सांगितलं, यंत्राला नव्हे.

१४. इंग्रजी साधं येतं म्हणून लाजू नकोस आणि त्यावर यंत्राकडून मुलामा चढवून घेऊ नकोस. सर तुझं वर्गातलं लेखन ओळखतात — अचानक गुळगुळीत झालेला परिच्छेद लगेच डोळ्यांत भरतो.

१५. मराठीत लिहून इंग्रजी करून घेतलंस, तर मूळ मराठी पानं जपून ठेव आणि भाषांतराला मदत घेतली हे लिही — विचार तुझाच होता याचा तेवढाच पुरावा असतो.

१६. ‘एआय पकडलं जाणार नाही असं करून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटच्या वाटेला जाऊ नकोस — मदत घेणं हा वादाचा विषय होऊ शकतो, पण लपवण्यासाठी पैसे मोजलेस की वाद उरतच नाही.

१७. मैत्रिणीला तुझी फाइल ‘फक्त बघायला’ पाठवू नकोस, तोंडानं समजावून सांग — दोघींच्या वहीत एकच वाक्य सापडलं, तर आधी कुणी लिहिलं हे शोधत कुणी बसत नाही.

१८. जमा करण्याआधी आख्खा अहवाल मोठ्यानं वाच. जिथं अडखळशील, जो शब्द तू एरवी वापरत नाहीस, तिथं थांब आणि आपल्या शब्दांत लिही — उसन्या वाक्याला व्हायवात उपप्रश्न झेपत नाही.

१९. एवढं करूनही कुणी बोट दाखवलंच तर रडत बसू नकोस आणि ग्रुपवर तावातावानं लिहूही नकोस. एआय ओळखणारी साधनं चुकतात. ओपनएआयनं स्वतःचंच असं साधन कमी अचूकतेमुळं जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. आपल्यासारख्या मराठी माध्यमातून गेलेल्या पोरींनी हे ध्यानात ठेवावंच. हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठानं कायद्याच्या विद्यार्थ्याला त्याचं लेखन एआयचं ठरवून नापास केलं. तो २०२४ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला आणि विद्यापीठानं निर्णय मागं घेतला. तुला कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ नये, म्हणून तर ती खाडाखोड जपायला सांगितली. अर्ज शांत भाषेत लिही, कच्च्या फाइली जोड, आणि माझं म्हणणं ऐकून घ्या अशी स्पष्ट मागणी कर — यूजीसीच्या विनियमांतच विभागाच्या समितीनं नैसर्गिक न्यायानं वागावं असं लिहिलं आहे.

२०. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बाहेर. यावर जास्त बोलत नाही.

२१. शेवटची तारीख असेल त्याच्या दोन दिवस आधी काम पुरं कर. आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, वीज गेली की नेटवर्कही जातं — माणूस यंत्राला आख्खं पान लिहायला सांगतो तो बहुधा मध्यरात्रीनंतर, वेळ उरलेला नसताना.

२२. आणि जमा करण्याच्या आठवडाभर आधी, ज्यांच्या ओट्यावर बसून मुलाखती घेतल्यास त्यांना अहवालाचा कच्चा मसुदा वाचून दाखव. ज्याचा ऊस तुडवला गेला तो लगेच सांगेल, ‘बाई, गवं शिवारात उतरलं ते खोडव्यात, तू लागणीत लिवलंयस’ — ही चूक यंत्राला दिसणार नाही आणि परीक्षकालाही कदाचित दिसणार नाही, पण अहवाल त्याच्या नुकसानीचा आहे.