आधी खडक, मग वाळू, मग पाणी

समुद्री टँक लावायचा म्हटलं की नवीन माणसाचं सगळं लक्ष दिव्यावर, स्किमरवर आणि माशांवर असतं. खडकाचा विचार सुरू होतो तो दगडांचा खोका घरी आल्यावर, आणि मग तो एका संध्याकाळी रचून मोकळं व्हायची घाई असते. माझा अनुभव सांगतो की क्रम उलटा हवा. दिवा नंतर बदलता येतो, पंप बदलता येतो, न पटणारा मासा दुसऱ्या कुणाला देता येतो. पण खडकावर प्रवाळ धरलं, फटींत जीव वस्तीला आले, की एक दगड हलवायलासुद्धा सगळा टँक ढवळावा लागतो. म्हणून या छंदात सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो टँक अजून कोरडा असताना.

आमचा टँक 3 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण 190 लिटरचा. बसवून देणाऱ्या कारागिराने आधी वाळू पसरली आणि त्या वाळूवर, मागच्या काचेला टेकवून, दगडांची भिंत उभी केली. दिसायला ती सुरेख होती. पुढे आम्ही गोबी मासा आणि त्याच्या जोडीने राहणारी पिस्टल श्रिम्प ही कोळंबी आणली. समुद्रातही ही जोडी अशीच नांदते. कोळंबीला फारसं दिसत नाही. ती बीळ खणत राहते आणि आपली मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दारात पहारा देतो, धोका दिसला की शेपटी हलवतो, आणि दोघं आत. आमच्याकडेही त्यांनी मनापासून खोदकाम केलं. भिंतीखालची वाळू सरकत गेली आणि एका रात्री वरचा सगळ्यात मोठा दगड घसरून पुढच्या काचेवर आदळला. काच तडकली नाही, पण गोबी दगडाखाली सापडून मेला. भिंतीमागे साचलेला गाळ पाण्यात पसरला आणि सकाळपर्यंत आमचे दोन्ही क्लाउनफिश मासे पृष्ठभागाशी येऊन जोरजोरात श्वास घेऊ लागले. ते वाचले, पण त्या जिवांचे हाल बघवत नव्हते.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी पहिली गोष्ट हीच सांगते: खालचे दगड तळाच्या काचेवर बसले पाहिजेत, वाळूवर नाही. काचेवर थेट भार येऊ नये म्हणून मध्ये एक पातळ थर घाला. फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांखाली पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकटींची जाळी लावतात, ती मापाने कापून घातली की काम होतं. वाळू नंतर, दगडांच्या भोवतीने ओता. मग गोबीने, जॉफिशने किंवा एखाद्या समुद्री साळिंदराने कितीही उकरलं तरी पाया जागचा हलत नाही. खालचा प्रत्येक दगड तीन बिंदूंवर टेकलेला असावा. चुलीच्या तीन दगडांवर भांडं डगमगत नाही, तसं. दोन बोटांनी वरचा दगड हलवून बघा. जरा जरी हलला तरी ती जागा पुन्हा बांधा.

आता दगड कुठला घ्यायचा. आम्ही राहतो त्या बंगळुरूत दगडाला तोटा नाही. लालबागेतला खडक सुमारे 300 कोटी वर्षं जुना आहे, आणि अर्ध्या शहरात कुठे ना कुठे ग्रॅनाइट फोडलेला दिसतोच. बांधकामाच्या जागेवरचे ते तुकडे घरी आणायचा मोह होतो. पण ग्रॅनाइट ठोस असतो. त्याचा उपयोग फक्त बाहेरच्या पृष्ठभागापुरता, आणि वजन मात्र प्रचंड. समुद्री टँकला सच्छिद्र दगड लागतो. त्याच्या बाहेरच्या थरात राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो तिथे, दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. टँकचं खरं गाळणयंत्र म्हणजे हा दगड, सम्पमधला स्पंज नव्हे.

असा सच्छिद्र दगड निसर्गात बहुधा प्रवाळांनी घडवलेला असतो, आणि इथे मला आवाज चढवून बोलायचं आहे. खडक बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. मेलेला, पांढरा पडलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ उपसलं गेलं, आणि तिथल्या 21 बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. आपल्या मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य झालं, तिथल्या खडकांवरही प्रवाळ आहे. सुट्टीत गेलेल्या कुणी ‘एकच तुकडा’ म्हणून पिशवीत घालू नये. कुणी स्वस्तात ‘समुद्रातला असली लाइव्ह रॉक’ देतो म्हणाला तर तिथून निघून या. कारखान्यात तयार केलेला कोरडा दगड घ्या. तो महाग पडतो, पण त्यात नको असलेला खेकडा किंवा अंडी लपून येत नाहीत, आणि त्यासाठी कुठलाही रीफ फोडावा लागलेला नसतो. जुन्या हिशेबाने लिटरमागे 120 ग्रॅमच्या आसपास दगड धरत, म्हणजे आमच्या टँकला 23 किलो. दगड हलका आणि भरपूर छिद्रांचा असेल तर 12 ते 15 किलोंत भागतं, आणि माशांना पोहायला जागा उरते.

दगड घरी आले की जमिनीवर चिकटपट्टीने टँकच्या तळाचं माप आखा आणि त्या चौकटीत रचना करून बघा. चारही बाजूंनी काचेपासून निदान तीन-चार इंच जागा सोडा. शेवाळ पुसायचा चुंबक आणि तुमचा हात, दोन्ही तिथून फिरायला हवेत. मागच्या काचेला दगड टेकवू नका. तिथे प्रवाह पोचत नाही, गाळ साचतो आणि नायट्रेट व फॉस्फेट चढत राहतं. एका लांब भिंतीऐवजी दोन वेगवेगळी बेटं करा, एक मोठं, एक लहान, मध्ये मोकळी वाळू. उंची टँकच्या दोन तृतीयांशाच्या वर नको, कारण प्रवाळ वाढणार आहे आणि वाढलेल्या प्रवाळाला दिव्याखाली जागा लागणार आहे. माशांना आरपार जाता येईल अशा कमानी आणि रात्री शिरून झोपता येईल अशा खाचा ठेवा. डॅमसेलसारखे भांडकुदळ मासे एकमेकांच्या नजरेआड गेले की मारामारी पुष्कळ कमी होते. वरच्या बाजूला थोडे सपाट ओटेही हवेत, नाहीतर पुढे प्रवाळाचे तुकडे चिकटवायला जागाच सापडत नाही. ही रचना काही दिवस तशीच राहू द्या. येता-जाता बघा, सोफ्यावरून बघा, बदला.

मनासारखं जमलं की जोडणी. सायनोअ‍ॅक्रिलेटचा डिंक, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा, पण पातळ न घेता जेलसारखा घट्ट घ्या. सांध्यात तो भरून वर दगडाचाच कोरडा चुरा टाकला की काही क्षणांत कडक होतो. त्या वेळी तो तापतो आणि त्याच्या वाफा डोळ्यांत जातात, म्हणून हे काम गॅलरीत करा. कमानीसारख्या भार पेलणाऱ्या जागी फक्त डिंकावर विसंबू नका. दगडाला भोक पाडून आत अ‍ॅक्रिलिकची कांडी घाला. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर ड्रिलचं पातं शोधायला वेळ लागत नाही. लोखंडी खिळा किंवा तांब्याची तार मात्र कधीही नको. लोखंड गंजतं, आणि तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ या सगळ्यांना विषारी.

वापरलेला, जिवंत दगड कुणाकडून मिळाला तर आणखी एक इशारा. तो उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. अशा दगडावर कधी कधी झोअँथिड नावाचे प्रवाळासारखे जीव असतात; त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं आणि ते वाफेतून, शिंतोड्यांतून अंगात जातं. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरचा टँक साफ करताना हे विष हवेत पसरलं आणि अख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात न्यावं लागलं.

बंगळुरूत ही सगळी तयारी कोरड्यात करण्याला आणखी एक कारण आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर. समुद्राचा प्रत्येक थेंब आपल्याला घरी बनवावा लागतो. कावेरीचं पाणी जवळजवळ 100 किलोमीटरवरून वर चढवून आणलेलं, बोअरवेलचं जड, टँकरचं रोज वेगळं. त्यामुळे आरओ-डीआय यंत्रातून टीडीएस शून्यावर आणून मग लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ घालायचं. 190 लिटरला साडेसहा किलोंहून जास्त मीठ, आणि शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी यंत्रातून वाया. मार्च 2024 मध्ये पाण्याची टंचाई इतकी झाली की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास 5,000 रुपये दंड लागू झाला. अशा शहरात, रचना पटली नाही म्हणून भरलेला टँक उपसून पुन्हा भरणं मला पाप वाटतं. यंत्राचं वाया जाणारं पाणी आम्ही पिंपात धरतो, फरशीला आणि कुंड्यांना वापरतो.

पाणी भरल्यावर घाई नको. कोरडा दगड सुरुवातीला फॉस्फेट सोडू शकतो, त्यावर तपकिरी आणि मग हिरवं शेवाळ येतं, ते येणारच. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही. तोपर्यंत मासा नाही. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप ही सुंदर पण पसरणारी प्रवाळं घ्यायची असतील तर मुख्य रचनेपासून दूर, वाळूवर सुट्या दगडावर ठेवा. प्रवाळ घेताना पावती आणि आयातीचे कागद मागा.

ज्यांच्या घरी आधीच वाळूवर भिंत उभी आहे त्यांनी ती एका दिवसात मोडू नये. जुन्या वाळूच्या तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो; कुजक्या अंड्यांसारखा वास आला की तिथे हात थांबवा. एका वेळी एकच टोक घ्या. वरचे दगड टँकच्याच पाण्याने भरलेल्या टबात ठेवा, टबात एअर पंप लावा, त्या जागेची वाळू नळीने हळूहळू ओढून घ्या, दगड काचेवर बसवा, आणि पुढच्या टोकाला हात लावण्याआधी दोन-तीन आठवडे अमोनिया तपासत राहा. आणि टँकच्या निदान पाव भागाइतकं, मीठ मिसळून तयार असलेलं, टँकच्याच तापमानाचं पाणी पिंपात असल्याशिवाय पहिला दगड उचलू नका.