कामगाराचे म्हणणे ऐकण्याची सोय

कारागीर न सांगता काम सोडून गेला की शेठ म्हणतात, हल्ली माणसे टिकत नाहीत. आमच्या मते पुष्कळदा तो बोलला असता, पण बोलायला जागा नव्हती. ही जागा दोन प्रकारची असते.

पहिली कायद्याची. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 100 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात 'कार्य समिती' नेमण्यास सरकार सांगू शकत होते. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, असा नियम होता. 2010 च्या दुरुस्तीने 20 किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती आली. तिच्यात दोन्ही बाजू समसमान. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही या दोन्ही समित्या आहेत.

दुसरी जागा बिनकायद्याची. आपल्या बंधूंचे यंत्रमाग, बेकऱ्या, जरीचे कारखाने पुष्कळदा वीस माणसांच्या आतले. तेथे कामगार मुकादमाला सांगतो, मुकादम शेठला. पण तक्रार मुकादमाचीच असेल तर ती शेठपर्यंत पोहोचणार कशी?

यात नुकसान दोघांचे. मालेगाव-भिवंडीत मागावर मजुरी कापडाच्या मापावर मिळते. सूत कच्चे आले की तार तुटतो, माग थांबतो, मजुरी बुडते आणि कापडातही खोट येते. सूत खराब आहे हे मागवाल्याला पहिल्या दिवशीच कळते. त्याला विचारले तर पुढचा माल घेण्याआधी शेठ सावध होतील.

म्हणून व्यापारी बंधूंना आमची सूचना:

1. हिशेबाच्या दिवशी विचारू नका. ज्याच्यावर उचल बाकी आहे तो त्या दिवशी तोंड उघडणार नाही. दुसरा दिवस ठरवा आणि मुकादमाला बाजूला ठेवून ऐका.
2. तक्रार तारखेसह वहीत लिहा.
3. आठ दिवसांत उत्तर द्या. नकार असेल तर कारण सांगा.
4. बोलला म्हणून कोणाचे काम तोडू नका. एकाचे तोडले की बाकीचे गप्प बसतात.

कारागीर बंधूंनीही नुसती कुरकुर करू नये. कोणता माग, किती वेळ बंद, किती मजुरी बुडाली, हे टिपून न्यावे. मात्र तोंडी व्यवस्था शेठच्या मर्जीवर चालते, हे विसरू नये. मर्जी फिरली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते, आणि तेथे हीच टिपणे उपयोगी पडतात.