लहान बाटली, तोकडं लेबल

दर महिन्याला घरी येणाऱ्या ब्यूटी बॉक्समधली सॅम्पल्स एवढीशी असतात, म्हणून आपण ती निर्धास्तपणे लावतो. पाच मिलीने काय होणार! माझं म्हणणं उलटं आहे. मोठ्या बाटलीपेक्षा या पिटुकल्या ट्यूबला जास्त बिचकावं, कारण तिच्यावर सगळ्यात कमी लिहिलेलं असतं, आणि तेवढं कमी लिहिणं कायद्याला चालतं.

आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक लेबलवर उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मात्र ६० मिलीपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीम असेल तर ही यादी नसली तरी चालते. २५ मिली किंवा १० ग्रॅमपर्यंतच्या पॅकवर बॅच नंबरचीही सक्ती नाही. आता बॉक्समधल्या वस्तू आठवा: सीरम पाच मिली, क्रीम सात-आठ ग्रॅम, फेसवॉशचा सॅशे. सगळं या सवलतीत बसतं. चांगल्या कंपन्या यादी बाहेरच्या पुठ्ठ्यावर छापतात, आणि तो पुठ्ठा पहिल्याच दिवशी सुक्या कचऱ्यात जातो. आमचाही गेला होता.

बॉक्स लेकीने सुरू केला. ती कॉलेजला, मी ठाण्यात नोकरीला, घर डोंबिवली पूर्वेला. पार्सल दुपारी येणार, वॉचमनच्या केबिनमध्ये पत्र्याखाली तापणार, आणि आम्ही रात्री ते टेबलावर उघडणार. त्या उघडण्यात मजा होती, ती नाकारत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आलेल्या बॉक्समध्ये ग्लायकॉलिक अ‍ॅसिडचं टोनर, रेटिनॉलचं सीरम आणि व्हिटॅमिन सीची छोटी बाटली होती. नरक चतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर अवघी डोंबिवली नटूनथटून उतरते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे आदल्या रात्री टोनर, त्यावर सीरम. पहाटे अभ्यंगस्नान, म्हणजे त्याच चेहऱ्यावर उटणं, तेही रगडून. मग व्हिटॅमिन सी. मग गणेश मंदिराच्या आसपास ऊन चढेपर्यंत फोटो.

दुपारी माझे गाल तांबडे झाले. संध्याकाळी साधं पाणी लागलं तरी आग व्हायला लागली. दोन दिवसांनी नाकाच्या बाजूने साल निघायला लागली. लेकीला काहीच झालं नव्हतं, याचा तिला आनंद आणि मला किंचित राग.

कारण आता सरळ दिसतं. ग्लायकॉलिक अ‍ॅसिड त्वचेचा वरचा मृत थर सोडवतं, आणि त्यानंतर काही दिवस त्वचा उन्हाला जास्त हळवी राहते. रेटिनॉल सुरुवातीला त्वचा कोरडी करतं, सोलतं. या दोघांवर उटण्याची भरड पूड घासली तर वेगळं काय होणार? उटण्याचा दोष नाही, अ‍ॅसिडचाही नाही. एकाच रात्री सगळं एकत्र आलं, एवढंच.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब काढून दिली. “सगळ्यांना हीच देतो, दोन दिवसांत बरं वाटेल.” कल्याणला माझ्या जाऊबाई आहेत, परिचारिका. त्यांना व्हिडिओ कॉलवर चेहरा आणि ट्यूब दोन्ही दाखवलं.

“आधी ती ट्यूब परत देऊन ये,” त्या म्हणाल्या. “स्टिरॉइड आहे त्यात. चेहऱ्याला लावायचं नाही.”

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. स्टिरॉइडच्या मलमाने लाली खरंच दोन दिवसांत जाते, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. माणूस ते लावतच राहतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बारीक केस येतात, आणि मलम थांबवलं की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. प्रत्यक्षात ती खोकल्याच्या गोळीइतक्या सहज मिळतात. सॅम्पलने झालेली जळजळ आठवड्या-दोन आठवड्यांत निवते. तिच्यावर आपल्या मनाने केलेला उपाय वर्षभर पुरतो.

ठाण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला: यातलं नेमकं कशाने झालं? सांगता येईना. तीन नव्या वस्तू बारा तासांत लावलेल्या, बाटल्यांवर घटक नाहीत, पुठ्ठा घंटागाडीतून केव्हाच गेलेला. त्यांनी सगळं बंद करायला लावलं. सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. ही अ‍ॅलर्जी नाही, नुसती जळजळ आहे, असंही त्यांनी समजावलं. जळजळ बहुधा लवकर होते आणि जिथे लावलं तिथेच होते. अ‍ॅलर्जीची खाज आणि पुरळ एक ते तीन दिवसांनीही येऊ शकते. म्हणून रात्री हाताला लावून सकाळी “काही झालं नाही” म्हणणं ही चाचणी नव्हे.

आमच्या घरी आता बॉक्स उघडला की आधी पुठ्ठ्याचा फोटो निघतो, यादीसकट. यादी नसेल तर त्याच वस्तूच्या मोठ्या पॅकवरची यादी शोधायची. ६० मिली किंवा ३० ग्रॅमपासून पुढच्या पॅकवर ती छापावीच लागते. मग वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, रोज दोनदा, आठवडाभर. अर्थात धुवून टाकायच्या वस्तू लावून, नेहमीइतका वेळ ठेवून धुवायच्या. तिथे निभावलं तर चेहऱ्यावर, आणि एका वेळी एकच. दुसरी नवी वस्तू पुढच्या पंधरवड्यात. या हिशेबाने महिन्याचा बॉक्स महिन्यात संपत नाही, आणि दर महिन्याचा बॉक्स हवाच कशाला, असा प्रश्न आपोआप पडतो. कंपन्यांना तो आवडणार नाही.

सॅम्पलकडून अपेक्षा काय ठेवायची, हेही ठरवावं. वास, पोत, लिपस्टिकची छटा, आपल्या दमट हवेत आणि डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये चेहरा चिकट होतो का, एवढं सॅम्पल उत्तम सांगतं. गुण येतो का, हे ते सांगू शकत नाही. रेटिनॉलचा परिणाम दिसायला तीनेक महिने लागतात, आणि पाच मिली तेवढं पुरत नाही. सनस्क्रीन चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून लागतं. दहा ग्रॅमची ट्यूब आठवड्याच्या आत संपते. व्हिटॅमिन सीची बाटली गडद नारिंगी किंवा तपकिरी झालेली आली तर ती लावूच नये, कितीही सीलबंद असो. मस्करा आणि काजळ मैत्रिणींत फिरवू नये. लेडीज डब्यात लिपस्टिक हातोहात फिरते, त्यावर मी बोलणं सोडून दिलंय.

ब्यूटी बॉक्सचा हा धंदा २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या बर्चबॉक्सने रूढ केला. मुंबईत विनीता सिंग आणि कौशिक मुखर्जी यांनी २०१२ मध्ये फॅब बॅग आणली, आणि ग्राहक बायकांच्या आवडीनिवडीचा जो अंदाज त्यातून आला, तो पुढे त्यांच्या शुगर कॉस्मेटिक्सच्या कामी आला. यात गैर काही नाही. फक्त सुरुवातीला भरून घेतात तो फॉर्म कशासाठी असतो, हे ओळखावं. मी भरलेल्या फॉर्ममध्ये (माझा बॉक्स वेगळ्या कंपनीचा होता) आवडता रंग होता, त्वचा तेलकट की कोरडी हे होतं. गरोदर आहात का, हे नव्हतं. गरोदरपणात रेटिनॉल टाळायला सांगतात, आणि माझ्या ठाण्याच्या भाचीला सहाव्या महिन्यात तेच सीरम आलं. तिने यादी वाचली म्हणून कळलं.

बॉक्सपेक्षा जास्त भीती वाटते ती लेबलशिवाय विकल्या जाणाऱ्या मालाची. मोठ्या बाटलीतलं क्रीम छोट्या डब्यांत भरून इन्स्टाग्रामवर विकतात, काही पार्लरमध्ये “आमचं स्पेशल” म्हणून देतात. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका तरुणीचं, तिच्या आईचं आणि बहिणीचं मूत्रपिंड बिघडल्याची बातमी आली होती. पार्लरमधून आणलेलं गोरेपणाचं क्रीम तिघी लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि क्रीममध्ये पारा निघाला. नियमाप्रमाणे डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतर कशातही पारा मुद्दाम घालता येत नाही, आणि नकळत आलेलाही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. सॅम्पलला सवलती कितीही असोत, बनवणाऱ्याचं नाव आणि ठिकाण त्यावर लागतंच. तेही नसेल तर वस्तू उघडू नये. ठाण्यात अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते, पण डबी आणि बिल जपून ठेवलेलं हवं.

पैशांचं थोडक्यात. बॉक्स बंद करणं हे सुरू करण्याच्या दसपट कठीण करून ठेवलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी याला सबस्क्रिप्शनचा सापळा म्हटलं आहे आणि तो अनुचित व्यापार ठरवला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी मात्र लागत नाही, म्हणून तो मेसेज वाचावा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये “रद्द करा” सापडत नसेल तर तिथे डोकं फोडू नका, यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन तिथून मँडेट बंद करा. तरी पैसे गेले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

आणि नको असलेल्या सॅम्पल्सचं काय करायचं? आमच्या सोसायटीत ती सर्रास कामाच्या मावशींना देतात, “चांगलं आहे, महागाचं आहे” म्हणत. इंग्रजी अक्षरं, घटक नाहीत, कसं वापरायचं ते नाही, आणि मावशी दिवसभर उन्हातून चार इमारती फिरणार. जे आपण आपल्या गालाला लावायला कचरलो ते त्यांच्या हातात ठेवणं मला तरी पटत नाही. मी आता अ‍ॅसिड, रेटिनॉल आणि केसांचा रंग कुणालाच देत नाही. नेलपेंट, कंगवे, हँडक्रीम देते, आणि हँडक्रीमवर काय लिहिलंय ते वाचून दाखवते. परफ्यूमची सॅम्पल्स घरातच राहतात. लेक ती ओढणीवर मारते, मानेवर नाही.