आधी एक पावसाळा राहून बघा

कोल्हापूर, वैशाख अखेर

चि. सौ. भाचीस आणि जावईबापूंस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

इंटिरियरवाल्याचं कोटेशन मिळालं. मावशीने ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. सगळ्या घराला फॉल्स सीलिंग, हॉलच्या एका भिंतीला वॉलपेपर, बेडरूमला राखाडी टेक्स्चर, मॉड्युलर किचन, दाराशी बसायची सोय असलेलं शू-रॅक आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’. शिवाय मृगाच्या आत सगळं उरकून देतो असं आश्वासन. डोंबिवलीच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाल्याचा आनंद समजण्यासारखा आहे. पण मावशीचं म्हणणं असं की स्वयंपाकघर करून घ्या, पंखे-दिवे लावा, पडदे टांगा आणि बाकीचं सगळं दिवाळीपर्यंत ठेवून द्या.

हा कंजूषपणा नव्हे. नव्या घराच्या भिंतींनाही पहिला पावसाळा काढावा लागतो. हल्लीच्या बऱ्याच इमारतींत सांगाडा आरसीसीचा असतो आणि मधल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या. दोन्ही वस्तूंचं तापणं, सुकणं, आकसणं वेगवेगळं. त्यामुळे पहिल्या वर्षात कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे केसासारखी बारीक चीर दिसते. अशा चिरा बहुधा निरुपद्रवी असतात, पण खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली ओल किंवा बाथरूमच्या मागच्या भिंतीवरचे पोपडे निरुपद्रवी नसतात. आणि हे सगळं वैशाखात दिसत नाही. आषाढात दिसतं.

इथे कायदाही घर घेणाऱ्याच्या बाजूने आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा मालाच्या दर्जात दोष आढळला आणि तो कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करून द्यायचा असतो. महाराष्ट्रात तक्रारीसाठी महारेरा आहे. आता गंमत बघा. भिंतीवर वॉलपेपर असेल तर ओल आली हे कळेपर्यंत कागदामागे काळी बुरशी माजलेली असते. वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळत असेल, तर फॉल्स सीलिंगचा बोर्ड फुगून खाली लोंबेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आणि आपल्या माणसांनी बाथरूमची फरशी उखडून नवी बसवली असेल, तर बिल्डरचा इंजिनियर येऊन पहिलं बोट तिथेच ठेवतो. म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःचा दावा कच्चा करायचा.

तेव्हा पहिल्या पावसाळ्यात भिंती उघड्याच असू द्याव्यात. ओलीचा संशय आला तर एक सोपी तपासणी आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन कापायचा आणि संशयित जागी चारी कडांना टेप लावून घट्ट चिकटवायचा. दोन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं असेल तर भिंत निर्दोष आहे, खोलीतली हवा कोंडलेली आहे. कपडे घरात वाळत घालणं कमी करा आणि खिडकी उघडा. आतल्या बाजूच्या दवाचा तारखेसकट फोटो काढून बिल्डरला मेल जायला हवा. बाहेरच्या दवासाठी बिल्डरशी भांडून उपयोग नाही.

जावईबापूंनी ड्रिल मशिन विकत घ्यायचं ठरवलंय, हे उत्तम. मात्र भोक पाडताना भुकटीकडे लक्ष असू द्यावं, कारण भिंत कशाची आहे हे तीच सांगते. लाल भुकटी आली तर वीट. पिठासारखी, पांढुरकी, भसाभस आली तर एएसी ब्लॉक. करडी भुकटी चिमूटभर येऊन बिट अडलं, तर समोर काँक्रीट, कदाचित सळईसुद्धा; तिथे जोर न करता दोन इंच बाजूला सरकलेलं बरं. वीट आणि काँक्रीटला हॅमर मोड लागतो. ब्लॉकच्या भिंतीत हॅमर लावला की भोक मोठं होतं आणि गिट्टी आतल्या आत गरागरा फिरते. तिथे साधं ड्रिल आणि त्या ब्लॉकसाठीच मिळणारी लांब गिट्टी. गीझर, टीव्ही, भांड्यांची जड मांडणी यांचा भार मात्र हौशी माणसाने अंगावर घेऊ नये. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, तसंच नळाच्या सरळ वर बिट लावायचं नाही. आतल्या वायरी आणि पाइप बहुधा त्याच रेषेत जातात. एमसीबी आधी पाडायचा हे सांगायला लागू नये, तरी मावशी सांगते आहे.

तुमच्याच वयाच्या एका जोडप्याची हकीकत या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. लॉरी बेकर हा 1917 साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला वास्तुविशारद. युद्धकाळात तो चीनमध्ये रुग्णसेवा करत होता. मायदेशी परतताना बोटीची वाट बघत त्याला मुंबईत मुक्काम करावा लागला आणि त्या मुक्कामात त्याची गांधीजींशी गाठ पडली. गांधीजींचं लक्ष आधी गेलं ते त्याच्या पायांकडे, चिनी पद्धतीच्या, कापडाच्या हातशिलाईच्या बुटांकडे. पुढे घरांविषयी बोलणं निघालं तेव्हा आदर्श खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या वस्तूंनी बांधलेलं असावं, असं गांधीजींनी त्याला सांगितलं. बेकरने हे आयुष्यभर लक्षात ठेवलं.

1945 मध्ये तो कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा वास्तुविशारद म्हणून भारतात आला. तिथल्याच एका डॉक्टर सहकाऱ्याची बहीण एलिझाबेथ जेकब, तीही डॉक्टर. दोन्ही घरांतून विरोध होता, म्हणून दोघं थांबली आणि 1948 मध्ये लग्न केलं. मधुचंद्राला हिमालयात पिथौरागढच्या बाजूला गेली. तरुण नवरी डॉक्टर आहे हे आसपासच्या वस्त्यांत कळलं आणि माणसं दुखणी घेऊन दाराशी येऊ लागली. फिरायला गेलेलं जोडपं तिथे सोळा वर्षं राहिलं! घर बांधलं, दवाखाना बांधला.

बेकर बर्मिंगहॅमला शिकलेला, पण तिथलं शिक्षण या डोंगरावर फारसं कामाला येईना. तिथला दगड, तिथलं लाकूड, बर्फ, पाऊस यांना धरून घर कसं उभं करायचं हे डोंगरातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तो त्यांची घरं बघत गेला आणि त्यातून शिकला. पुढे हे जोडपं केरळात गेलं. तिरुवनंतपुरमला एका खडकाळ उतारावर त्यांनी ‘हॅम्लेट’ हे स्वतःचं घर केलं. केलं म्हणजे वर्षानुवर्षं करत राहिले. मोडीत निघालेल्या घरांचं लाकूड आणलं, रिकाम्या बाटल्या भिंतीत बसवून त्यांतून रंगीत उजेड घेतला, गरज पडेल तसतशी भर घातली. विटा उभ्या रचून मधे पोकळी सोडायची रॅट-ट्रॅप पद्धत बेकरने लोकप्रिय केली. तिने विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहतं. 1990 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. पुरस्कारापेक्षा मावशीला मोलाचं वाटतं ते हे की ज्याचा धंदाच घरं आखण्याचा, त्याने स्वतःचं घर एका बैठकीत आखून मोकळं होणं नाकारलं.

तुमच्या कोटेशनमध्ये खिडकीखाली वाचनाचा कोपरा आहे. तिथे दुपारी तीनला ऊन कसं येतं, समोरच्या इमारतीतून किती दिसतं, रविवारी तुम्ही तिथे बसता की दोघंही लोळत फोन बघता, हे कुणाला ठाऊक आहे? आधी तिथे एक प्लास्टिकची खुर्ची टाका. दसऱ्यापर्यंत तिच्यावर माणूस बसलं तर कोपरा करा, धुतलेले कपडे साठले तर कपाट करा.

रंगाचंही तेच. लक्ष्मी रोडला साडी घेताना मुरलेल्या बायका साडी हातात घेऊन दुकानाच्या दाराशी येतात. आतल्या झगमगीत दिव्यात जो रंग अंजिरी वाटतो, तो बाहेर उन्हात तपकिरी निघतो. भिंत काही दाराशी नेता येत नाही, म्हणून रंगाचा छोटा डबा आणून दोन फुटांचा चौकोन रंगवायचा आणि तो सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघायचा. दिवा कोणता तेही बघा. 2700 केल्विनचा एलईडी पिवळसर उजेड देतो, 6500 चा निळसर पांढरा. तोच राखाडी रंग एकात उबदार आणि दुसऱ्यात दवाखान्यासारखा दिसतो.

आता कपड्यांकडे. लग्नानंतर कपाटच बदलून टाकायची एक लाट हल्ली दिसते. आधी तो ‘नव्या नवरीचा लूक’, मग दोघांचे जुळणारे कुर्ते आणि सहा महिन्यांत सगळं गठ्ठ्यात. कपड्यांतला बदलही अडचणीतून आला की टिकतो. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये डॉक्टरकी शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेच्या वाटेवर बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा इकडे, संसार पत्रांतून. अमेरिकेच्या थंडीत नऊवारीची अडचण लक्षात आली: पोटऱ्या उघड्या राहतात. त्यांनी विलायती झगा घेतला नाही आणि कुडकुडतही बसल्या नाहीत. गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले गेले. पती गोपाळराव बायकोला शिकवण्यात जेवढे जिद्दीचे तेवढेच पत्रांतून टोचण्यात तरबेज होते, तरी तिकडची थंडी सोसायची होती आनंदीबाईंना. फिलाडेल्फियातला 1885 चा त्यांचा प्रसिद्ध फोटो मिळाला तर बघा. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि वर्षभरात, 1887 च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. त्यांची गोष्ट नेहमी रडत सांगितली जाते. मावशीला त्यांचं हे साडीचं व्यवहारी डोकं जास्त आवडतं.

भाचीचा लग्नातला शालू हँगरला लटकत असेल तर आजच उतरवा. जर जड असते, वजनाने रेशीम ताणतं. जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून आडवा ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घाला, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. आजीचं इरकल पार्सलने येतंय. त्याचा कुर्ता शिवायचा तुझा विचार कळला, पण आधी एकदा नेसून बघ. त्याचा रेशमी पदर सुती अंगाला एकेक धागा फाशात अडकवून जोडलेला असतो, तो जोड हाताने चाचपून बघ आणि मग कात्रीचं काय ते ठरव.

राहता राहिला संसार. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यांत रोजची सरासरी 299 मिनिटं जात होती, तीच कामं करणाऱ्या पुरुषांची 97. आणि मुळात ही कामं करणारे पुरुषच शंभरात सव्वीसच्या आसपास होते. जावईबापू भाजी चिरतात, कपडे वाळत घालतात, हे ऐकून बरं वाटलं. तरी मिनिटांच्या हिशेबात एक काम पकडलं जात नाही, ते लक्षात ठेवण्याचं. सिलिंडर कधी लावला, बाई कोणत्या तारखेला गावी जाणार, पाण्याची टाकी धुवायला सोसायटीने कोणता वार दिलाय, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात का. ‘सांग, मी करतो’ म्हणणारा नवरा गुणी खरा, पण सांगायचं काम बायकोकडेच राहतं. त्यापेक्षा अख्खी खाती वाटून घ्यावीत. गॅस, पाणी, वीज आणि बिल्डरशी पत्रव्यवहार जावईबापूंकडे, आठवणीसकट. ते विसरले आणि सिलिंडर संपला, तर त्या दिवशी भाचीने तोंड न उघडता बाहेरून डोसा मागवावा. अवघड आहे, पण करून बघा. कुणाच्या हाताला कोणतं खातं बसतं हेही दोन-चार महिने राहिल्याशिवाय कळत नाही, तेव्हा वाटणी पक्की करायची घाई नको.

इंटिरियरवाल्याला सरळ सांगा, ‘किचन आता, बाकीचं नोव्हेंबरात.’ किचनच्या सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा छाप असलेला प्लायच वापरायला लावा. साधा 303 चा कोरड्या जागी चालतो, सिंकखाली नाही. छाप प्लायवर डोळ्यांनी बघा, मगच सनमायका चढवू द्या.

जावईबापूंनी मागितलेली कोल्हापुरी आत्ता पाठवत नाही. ते कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या पाण्यात ते फुगून सुटेल. दिवाळीला येताना आणते. पायाचं माप मात्र फोनवर आकड्यात नको. संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, कागदावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरून रेघ ओढा आणि तो कागद पोस्टाने पाठवा, दोन्ही पायांचा.

कळावे,
मावशी