ऑनलाइन खरेदी आणि आभासी कार्ड

शेतीस लागणाऱ्या किरकोळ वस्तूंची खरेदी पूर्वी तालुक्याच्या बाजारपेठेतच होत असे. फवारणी पंपाची बॅटरी, ठिबक संचाची गाळणी, मोटारीचा एखादा सुटा भाग किंवा भाजीपाल्याचे बियाणे हवे असल्यास शेतकरी पेठेत जाई, वस्तू हाताळून पाही व रोख पैसे मोजून देई. आता ह्याच वस्तू मोबाईलवर पाहून मागविता येतात आणि त्या घरपोच मिळतात. आडगावच्या शेतकऱ्यास ही सोय विशेष उपयोगाची आहे, ह्यात शंका नाही. परंतु ह्या व्यवहारात दुकानदार समोर नसतो, आणि रोख पैशाऐवजी आपल्या कार्डाचा क्रमांक त्याच्याकडे जातो. हा फरक ध्यानात न घेतल्यास हजार-दोन हजारांच्या खरेदीपायी खत-बियाण्यासाठी राखून ठेवलेली सारी पुंजी धोक्यात येऊ शकते.

बाजारास जाताना कोणताही विचारी शेतकरी घरातील सर्व रक्कम कनवटीस लावून नेत नाही. त्या दिवसाच्या खरेदीपुरते पैसे तो बरोबर घेतो व बाकीचे घरी ठेवतो. खिसा कापला गेलाच तर नुकसान तेवढ्यापुरतेच होते. हाच साधा नियम ऑनलाइन खरेदीस लावण्याचे साधन म्हणजे आभासी कार्ड होय. त्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

कार्डाच्या क्रमांकाचे महत्त्व

बँकेने दिलेल्या रुपे किंवा अन्य डेबिट कार्डावर बहुधा १६ आकडी क्रमांक असतो. त्याखेरीज कार्डाची मुदत संपण्याचा महिना व वर्ष, आणि सीव्हीव्ही नावाचा ३ आकडी गुप्त क्रमांक असतो. ऑनलाइन खरेदी करताना कार्ड कोठे घासावे लागत नाही. हे तीन तपशील भरले की कार्ड दाखविल्यासारखेच होते. म्हणून हे आकडे दुसऱ्याच्या हाती जाणे म्हणजे कोठाराच्या किल्लीचा ठसा दुसऱ्याच्या हाती जाणे होय.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारास आणखी एका खुणेची सक्ती केली. ही खूण बहुधा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीच्या रूपाने असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक आपल्याजवळ साठवून ठेवण्याचीही मनाई झाली. त्याऐवजी त्या एकाच दुकानापुरता चालणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे टोकन, ठेवता येतो. ह्या दोन्ही उपायांनी धोका कमी झाला, परंतु तो संपला नाही. परदेशी दुकाने ओटीपी मागतीलच असे नाही. शिवाय बनावट दुकान मुळी नियम पाळण्यासाठी उघडलेलेच नसते. तेथे भरलेला क्रमांक व ओटीपी त्याच क्षणी भामट्याच्या हाती पडतात.

आभासी कार्ड म्हणजे काय

आभासी कार्ड हे प्लॅस्टिकचे नसते. बँकेच्या मोबाईल अ‍ॅपवर किंवा नेट बँकिंगवर ते तयार होते व तेथेच दिसते. त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक, वेगळी मुदत व वेगळा सीव्हीव्ही असतो. खरेदीचे पैसे शेवटी आपल्याच खात्यातून जातात, परंतु दुकानदारास मुख्य कार्डाचा क्रमांक कळत नाही. खरेदी झाल्यावर हे कार्ड बंद करता येते, आणि बंद केलेल्या क्रमांकाचा चोरास काही उपयोग होत नाही.

सर्व बँकांची आभासी कार्डे मात्र एकाच प्रकारची नसतात. काही कार्डे एका व्यवहारानंतर आपोआप रद्द होतात. काही पुन्हा पुन्हा वापरता येतात व त्यांची मर्यादा आपणांस बदलता येते. काहींत आधी पैसे भरावे लागतात, आणि भरलेल्या रकमेपलीकडे खर्च होऊच शकत नाही. आणखी एक प्रकार असा की, मुख्य कार्डच केवळ मोबाईलवर दाखविले जाते व त्याच्यामागे संपूर्ण खाते उभे असते. ह्या शेवटच्या प्रकारात नाव आभासी कार्डाचे असले तरी मर्यादा घातल्यावाचून संरक्षण फारसे मिळत नाही. संरक्षण नावात नसून मर्यादेत आहे, हे विसरू नये.

यास्तव बँकेच्या शाखेत पुढील तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. ह्या कार्डास मुख्य कार्डाहून वेगळा क्रमांक आहे काय? त्यावर रकमेची मर्यादा मला स्वतः ठरविता येते काय? खरेदी होताच ते मला स्वतः बंद करता येते काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ते कार्ड आपल्या कामाचे आहे.

एक उदाहरण

समजा, कांदा विकून आलेले ८४,००० रुपये एका शेतकऱ्याच्या बचत खात्यात जमा आहेत. त्यातून पुढील हंगामाचे बियाणे, खत व मजुरी भागवावयाची आहे. त्यास फवारणी पंपाची बॅटरी मागवावयाची असून तिची किंमत पाठवणावळीसह २,३५० रुपये आहे.

मुख्य कार्डाने पैसे दिले व तपशील चोरीस गेले, तर त्या कार्डावर ऑनलाइन खर्चाची जी मर्यादा असेल तेथपर्यंतची रक्कम धोक्यात येते. पुष्कळ वेळा ही मर्यादा इतकी मोठी असते की तीत सर्व ८४,००० रुपये येतात. त्याच शेतकऱ्याने २,४०० रुपये मर्यादेचे आभासी कार्ड काढून खरेदी केली, तर व्यवहार झाल्यावर त्या कार्डावर केवळ ५० रुपये उरतात. क्रमांक चोरीस गेला तरी त्यावर ५० रुपयांहून अधिक खर्च होऊ शकत नाही, आणि कार्ड लगेच बंद केल्यास तेही वाचतात. पेटलेल्या रानाची आग जाळपट्ट्यापाशी अडावी, तसे हे नुकसान मर्यादेपाशी अडते.

वापरण्याची रीत

१. प्रथम वस्तूची एकूण किंमत, कर व पाठवणावळ धरून, निश्चित करावी. विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार अधिकाऱ्याची माहिती पाहावी. ही माहिती ग्राहकास देण्याचे बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी घातले आहे. ती दिलेली नसल्यास तेथे खरेदी करू नये.

२. बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडून आभासी कार्ड तयार करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा संदेशात आलेल्या दुव्यावरून बँकेचे पान कधीही उघडू नये.

३. कार्डावर किमतीएवढी किंवा फार तर थोडी अधिक मर्यादा घालावी. मुदत ठरविता येत असल्यास ती शक्य तितकी कमी ठेवावी. परदेशी व्यवहार बंदच ठेवावेत.

४. आभासी कार्डाचे तपशील दुकानाच्या पानावर भरावेत. ओटीपी आल्यावर संदेशातील रक्कम व दुकानाचे नाव वाचावे आणि मगच तो भरावा. संदेशात २,३५० ऐवजी २३,५०० रुपये दिसत असतील, तर तेथेच थांबावे.

५. कार्डाची माहिती जपून ठेवण्याविषयी दुकान विचारील, तेव्हा नकार द्यावा.

६. खरेदी पूर्ण होताच कार्ड बंद करावे. पावती व मागणी क्रमांक मात्र वस्तू हाती येऊन तपासून होईपर्यंत जपून ठेवावा.

वस्तू परत केल्यास पैसे कोणत्या खात्यात जमा होतील, हे आधीच बँकेस विचारून ठेवणे बरे.

बँकेत ही सोय नसल्यास

अनेक शेतकऱ्यांची खाती अशा बँकांत असतात की जेथे आभासी कार्ड मिळत नाही. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. हेच काम दुसऱ्या दोन उपायांनी बऱ्याच अंशी साधते.

पहिला उपाय कार्डाच्या मर्यादेचा. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार ऑनलाइन व्यवहार चालू वा बंद करण्याची व त्यांची मर्यादा ठरविण्याची सोय बँकांनी ग्राहकास द्यावयाची आहे. मुख्य कार्डावरील ऑनलाइन व्यवहार एरवी बंद ठेवावेत. खरेदीच्या वेळी तेवढ्या रकमेपुरते ते चालू करावेत आणि काम होताच पुन्हा बंद करावेत. मळ्यास पाणी देऊन झाल्यावर आपण बारे बंद करतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

दुसरा उपाय वेगळ्या खात्याचा. ऑनलाइन खरेदीसाठी दुसरे बचत खाते ठेवून त्यात लागेल तेवढीच रक्कम वळती करावी. जनधन किंवा अन्य मूलभूत बचत खाते असलेल्यांस त्याच बँकेत दुसरे बचत खाते उघडता येत नाही. त्यांनी ते निराळ्या बँकेत उघडावे व किमान शिल्लक किती ठेवावी लागते हे आधी विचारावे. यूपीआयने पैसे देणाऱ्यांनीही असेच छोटे खाते यूपीआयला जोडावे. यूपीआयमध्ये कार्डाचा क्रमांक दुकानदाराकडे जात नाही हे खरे, परंतु पिन भरून एकदा पाठविलेले पैसे परत मिळविणे सोपे नसते.

किसान क्रेडिट कार्डाबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. १९९८ साली सुरू झालेल्या ह्या योजनेतील खाते हे कर्जाचे खाते आहे. त्यातून चोरी झाल्यास केवळ शिल्लक जात नाही, तर न वापरलेल्या पैशांचे कर्ज व व्याज शेतकऱ्याच्या शिरावर बसण्याचा धोका असतो. म्हणून ह्या कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बंद ठेवणेच हिताचे आहे.

आभासी कार्डाने काय साधत नाही

आभासी कार्ड चोरीचे नुकसान मर्यादित करते. विक्रेता प्रामाणिक आहे किंवा माल चांगला आहे, ह्याची हमी ते देत नाही. बियाणे घेताना वाण, गट क्रमांक, उगवणक्षमता व मुदत दर्शविणारी खूणचिठ्ठी आणि पक्की पावती पाहावीच लागते. कीटकनाशक विकणाऱ्याजवळ परवाना असलाच पाहिजे, मग विक्री दुकानातून होवो वा मोबाईलवरून. माल न मिळाल्यास किंवा सदोष निघाल्यास प्रथम विक्रेत्याकडे व नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार करावी.

त्याचप्रमाणे, स्वतःच्या हाताने भामट्यास दिलेले पैसे हे कार्ड परत आणू शकत नाही. पीएम-कुसुम योजनेत सौरपंप मिळवून देतो असे सांगून नोंदणी शुल्क उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सावध केले आहे. शासकीय योजनेचे नाव दिसले म्हणून पान शासकीय ठरत नाही. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे की नाही हे पाहावे, आणि शंका आल्यास तालुका कृषी कार्यालयात विचारावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल मोबाईलमध्ये कदापि बसवू नये. अशा फाइलीमुळे ओटीपीचे संदेश परस्पर चोरीस जाऊ शकतात.

फसवणूक झाल्यास

येथे वेळेस फार महत्त्व आहे. आपण न केलेल्या व्यवहाराचा संदेश येताच पुढील क्रमाने वागावे.

१. अ‍ॅपवरून किंवा बँकेच्या हेल्पलाइनवर दूरध्वनी करून कार्ड बंद करावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

२. त्याच वेळी १९३० ह्या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची खबर द्यावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी खबर पोहोचल्यास ते तेथेच रोखून धरता येण्याचा संभव असतो.

३. त्यानंतर बँकेस लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, दोष ग्राहकाचाही नाही व बँकेचाही नाही अशा चोरीची खबर बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर नुकसानीचा भार पडू नये. परंतु ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असल्यास, खबर देईपर्यंतचे नुकसान त्यास सोसावे लागते. म्हणजे दोन्ही प्रसंगी विलंब हा तोट्याचाच होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हंगामापूर्वीच्या सभांतून बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाबरोबर ह्या विषयासही अर्धा तास द्यावा. आपल्या भागातील कोणत्या बँकेत आभासी कार्डाची सोय आहे, हे शाखेतून विचारून आधी टिपून ठेवावे. प्रात्यक्षिक करताना शेतकऱ्याचा मोबाईल शेतकऱ्याच्याच हाती राहू द्यावा. कार्यकर्त्याने त्याचा पिन, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक विचारू नये, पाहू नये व लिहून घेऊ नये. आज आपल्यास सांगण्याची सवय लागली, तर उद्या तो भामट्यासही सांगेल. घरातील स्त्रियांना व वृद्धांना सभेस अवश्य बोलवावे, कारण खाते त्यांच्या नावे व मोबाईल मुलाच्या हाती अशी स्थिती पुष्कळ घरी असते.

सभा संपण्यापूर्वी प्रत्येकाकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. मुख्य कार्डावरील ऑनलाइन व्यवहार चालू आहेत की बंद, हे त्याने स्वतः तपासावे. गरज नसल्यास ते तेथेच बंद करावेत. आणि बँकेची हेल्पलाइन व १९३० हे दोन क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. कार्ड व मोबाईल हरवला, तरी घरातील पासबुकावरून हे क्रमांक कोणासही सापडतील.